बिनपाण्याचा गहू : बियाण्यात काय असते आणि काय नसते

दिवाळी तोंडावर आली, की बियाण्याच्या दुकानाच्या ओट्यावर गव्हा-हरभऱ्याची चर्चा रंगते. परवा त्या ओट्यावरच एका शेतकऱ्याने मला गाठले. दोन एकर काळी जमीन, विहिरीला पाणी फार तर पौष लागेपर्यंत. हातात एक पिशवी. पिशवीवर भेगा पडलेल्या जमिनीत उभा राहिलेला हिरवागार गहू छापलेला.

"साहेब, ह्यात जीन घातलाय म्हणे. पाणी न देता येतो. खरं का?"

मी पिशवी फिरवून पाहिली. टॅग नाही, लॉट नंबर नाही, चाचणीची तारीख नाही. भाव मात्र शेजारच्या प्रमाणित बियाण्याच्या दुप्पट. त्याने अजून पैसे दिले नव्हते, नुसती पाहायला घेतली होती, हे नशीब. "थांब, घेऊ नकोस," एवढेच मी तेव्हा बोललो. पण ओट्यावर उभ्याउभ्या दोन वाक्यांत त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख. जीन, म्हणजे मराठीत जनुक, गव्हात असतेच. एक नाही, लाखावर असतात. दुष्काळात तगण्याची जनुकेही प्रत्येक गव्हात आहेत. पण ती बाहेरून पुडीतून घालायची वस्तू नव्हे, आणि त्यांना पाण्याची जागाही भरून काढता येत नाही. मग ती करतात तरी काय?

माझी एक चूक

आधी स्वतःचीच गोष्ट सांगतो. मी नोकरीला नवा होतो. २०१५ चा ऑक्टोबर. पाऊस दगा देऊन गेलेला, परतीचा थोडा पडला आणि थांबला. जमिनीचा वरचा थर फुफाट्यासारखा, खाली मात्र ओल होती. प्रात्यक्षिकासाठी गव्हाचे बियाणे आले होते. वाण चांगला, बुटका, भरपूर उतारा देणारा, पण बागायती. मी पदविकेला शिकलेलो, कागदावर उतारा पाहिला आणि वाटून टाकले. गावातले एक आबा म्हणाले, "साहेब, ओल खाली गेलीया. पाभर दाबून पेरावं लागंल. तुमचं हे ठेंगणं बी वर यायचं न्हाई." मी म्हणालो, "आबा, उगवणशक्ती पंच्याऐंशी टक्के आहे, टॅगवर लिहिलंय."

पाभरीचे फण अर्धी वीत खोल गेले. आठ दिवस झाले, दहा झाले, रानात इथे एक कोंब तिथे एक. आबांनी मात्र घरातला जुना उंच बन्सी तितकाच खोल पेरला होता आणि त्यांच्या ओळी भरून आल्या होत्या. मी खुरपे घेऊन उकरून पाहिले. बी उगवले होते! मूळ खाली गेले होते, कोंब वर निघाला होता, पण वाटेतच मातीत पिवळे पान बाहेर पडून त्याच्या कागदासारख्या घड्या झाल्या होत्या. टॅग खोटा नव्हता, आबाही खोटे नव्हते. चुकलो मी. सहा शेतकऱ्यांची पेरणी फुकट गेली. त्यातल्या दोघांनी मोडून हरभरा केला, बाकीच्यांचे रान तसेच राहिले. त्यांच्या दारावरून जाताना मी बरेच दिवस मान खाली घालून जात असे.

हे का झाले, ते मला नीट कळायला पुढे दोन-तीन वर्षे गेली. ते सगळे एका जनुकाचे काम होते.

गव्हाचा कोंब मातीतून वर येतो तो एका आवरणात. नळीसारखे ते आवरण पहिल्या पानाला जपत मातीतून वाट काढते. त्याची लांबी ठरलेली असते. ते संपले की पान उघडे पडते, आणि पानाला माती फोडता येत नाही. उंच जुन्या गव्हाचे आवरण दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब जाऊ शकते. बुटक्या गव्हाचे साधारण सहा ते आठ. त्यात ऑक्टोबरची जमीन तापलेली असली तर ते आणखी आखडते. आपण पेरले अर्धी वीत खोल. उरलेला हिशोब तुमचा तुम्ही करा.

आता बुटका गहू बुटका कशाने? द्राक्षवाल्या मंडळींना हे लवकर कळेल. तुम्ही घड जीएच्या पाण्यात बुडवता, मणी लांबतो. ते जीए, म्हणजे जिबरेलिन, गव्हाच्या झाडात मुळातच तयार होते आणि पेशींना 'लांब व्हा' असा हुकूम देते. जपानच्या 'नोरिन १०' या गव्हात एक नाही, दोन जनुके अशी होती, की त्यांच्यामुळे झाड हा हुकूम नीट ऐकतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हा गहू अमेरिकेत गेला, तिथल्या व्होगेल या पैदासकाराकडून तो मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आला, आणि १९६२ पासून तिथून बुटके वाण बाहेर पडू लागले. आपल्या देशाने १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणले. हरितक्रांती म्हणतात ती हीच. उंच गव्हाला पाणी आणि युरिया दिला की तो लोळायचा. बुटका लोळत नाही, खाल्लेले ओंबीत घालतो. देशाचे पोट त्याने भरले, यात शंका नाही.

पण हुकूम न ऐकणारी पेशी फक्त कांडीत नसते, कोंबाच्या आवरणातही असते. कांडी आखूड झाली, त्याबरोबर आवरणही आखूड झाले. पंजाबात कालव्याच्या पाण्यावर रान भिजवून वरवर पेरणाऱ्याला याने काही फरक पडला नाही. जिरायतात खालच्या ओलीला बी टेकवणाऱ्या आपल्या माणसाला पडला. एकच जनुक, एका ठिकाणी वरदान, दुसऱ्या ठिकाणी अडचण. शास्त्रज्ञांनी आता बुटकेपणाची अशी दुसरी जनुकेही हेरली आहेत, की ज्यांच्यामुळे कांडी आखडते पण आवरण आखडत नाही. ऑस्ट्रेलियात त्यांवर बरेच काम झाले आहे.

खोल पेरल्यास आपले बी येते का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. तेलाचा रिकामा डबा घ्या, तळाला भोके पाडा, चार बोटे ओली माती भरा. त्यावर मोजून शंभर दाणे ठेवा आणि वर दहा सेंटिमीटर ओलसर माती टाका. दुसऱ्या डब्यात तेच बी पाच सेंटिमीटरवर. बारा दिवसांनी दोन्हीकडचे कोंब मोजा. वरच्यात नव्वद आणि खोल डब्यात पन्नास, तर बी चांगले आहे पण खोल पेरायचे नाही, असा त्याचा अर्थ. २०१५ साली मी एवढे केले असते तर आबांचे ऐकायची वेळही आली नसती. ऐकायला हरकत नव्हती, तो भाग वेगळा.

ताण पडला की झाडात काय होते

उगवण झाली, पुढे पाण्याचा ताण आला, तर झाड काय करते? जमीन सुकू लागली की झाडात एक रस वाढतो. त्याला ॲबसिसिक आम्ल म्हणतात, शास्त्राच्या पुस्तकात एबीए. पानावर डोळ्याला न दिसणारी लाखो भोके असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. झाडाचे पाणी वाफ होऊन जाते ते तिथून. एबीएचा निरोप आला की ही भोके मिटतात.

त्याचबरोबर पेशीच्या आत काही जनुके जागी होतात. त्यातली काही मुकादमासारखी असतात. ऊसतोडीत मुकादम स्वतः कोयता मारत नाही, टोळीला कामाला लावतो, तसे. हे मुकादम जनुक दुसऱ्या शेकडो जनुकांना उठवते. मग कोणी पेशीत साखर आणि प्रोलिन नावाचा पदार्थ साठवून पाणी धरून ठेवते, कोणी पेशीतल्या नाजूक प्रथिनांवर पांघरूण घालते. काही मुकादम एबीएच्या निरोपावर उठतात, काही आपले आपण. असा सगळा कारभार आहे, आणि तो साध्यातल्या साध्या गव्हातही आहे.

मग अडचण काय? भोके मिटली की पाणी वाचते खरे, पण हवेतला कार्बन वायूही आत यायचा थांबतो आणि अन्न तयार व्हायचे थांबते. दार लावून घेतले की चोर येत नाही, तसा पाहुणाही येत नाही. जे झाड जरा ताण पडला की घट्ट मिटून बसते ते मरत नाही, पण ओंबीत काही देतही नाही. आपल्याला झाड जगवायचे नाही, दाणे घ्यायचे आहेत. 'दुष्काळात हिरवा राहिला' असे कोणी सांगू लागला की पहिला प्रश्न विचारावा, उतारा किती पडला? पिशवीवरचे चित्र हिरव्या झाडाचे होते, भरलेल्या ओंबीचे नव्हते.

म्हणून पैदासकार आता नुसता 'तगतो का' हे पाहत नाहीत. ते पाहतात, झाड असलेले पाणी कसे खर्च करते. आपल्या जिरायत गव्हाचा हिशोब बँकेच्या खात्यासारखा आहे. पावसाळ्यात जमा झाले तेवढेच, पुढे भर नाही. खोल काळ्या जमिनीचा मीटरभर थर पिकाला वापरता येईल अशी दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल धरू शकतो. पहिल्या दीड महिन्यातच ती उडवली तर फुलोऱ्याला खाते रिकामे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या गहू पट्ट्यात असेच आहे. उन्हाळ्यात पाऊस, काळी जमीन, आणि साठलेल्या ओलीवर थंडीतला गहू. तिथल्या शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती काढली. हवेतल्या कार्बनचे दोन प्रकार असतात, एक हलका, एक किंचित जड. झाडाला हलका आवडतो. पण जे झाड भोके थोडी आखडून काटकसरीने पाणी वापरते त्याला निवड करायला वाव राहत नाही, त्याच्या पानात जड कार्बन जरा जास्त सापडतो. म्हणजे वाळलेल्या पानाची चाचणी करून कळते, की कोणते झाड काटकसरी आहे! त्या आधाराने निवड करून त्यांनी २००२ मध्ये 'ड्रायस्डेल' आणि २००३ मध्ये 'रीस' असे दोन वाण दिले. कोरड्या भागात त्यांचा फायदा दिसला, चांगल्या पावसाच्या ठिकाणी फारसा नाही. काटकसरी माणूस सुगीतही हात आखडताच ठेवतो, त्यातला प्रकार.

दुसरी गोष्ट मुळांची. २००७ साली तिथेच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा आकडा मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. जमिनीच्या १.३५ ते १.८५ मीटर खोलीच्या थरातून गव्हाच्या मुळांनी फक्त १०.५ मिलिमीटर पाणी जास्तीचे ओढले, तर उत्पादन हेक्टरी ६२० किलोंनी वाढले. साडेदहा मिलिमीटर म्हणजे एक बऱ्यापैकी सर. पण ती दाणा भरताना, नेमक्या वेळी मिळाली. खोल जाणारी मुळे हीही जनुकांचीच देणगी. मुळे कोणत्या कोनात निघतात, उभी जातात की आडवी पसरतात, हे वाणावाणाला वेगळे असते. मात्र मुरमावर हातभर माती असलेल्या रानात खोल मुळांचे जनुक असून नसल्यासारखे, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा.

तिसरी गोष्ट कांडीतल्या शिधोरीची. फुलोऱ्याआधी बरे दिवस असताना गहू आपल्या कांडीत साखर साठवून ठेवतो. पुढे पाणी तुटले, पाने वाळू लागली, की ती साखर ओंबीकडे जाते. जुन्या जिरायत गव्हांचे पान वाळलेले दिसते तरी दाणा भरतो, त्याचे एक कारण हे.

आणि चौथी, आपल्याकडे सर्वांत कामाची, ती म्हणजे लवकर येणे. फेब्रुवारीत ऊन तापायच्या आत दाणा भरून मोकळे होणे. दिवस किती मोठा आहे हे न बघता ओंबी काढायला लावणारी जनुके गव्हात आहेत, आणि आपल्या भागातल्या वाणांत ती निवडून घेतलेली असतात. हा दुष्काळाशी सामना नाही, दुष्काळ यायच्या आत घरी पोचणे आहे. त्यात कमीपणा काही नाही.

एकच जनुक का पुरत नाही

तांबेऱ्याचे तसे नसते. तांबेऱ्याला अडवणारे एक जनुक वाणात आले की तेवढ्याने पीक वाचते. अर्थात ते एकट्यावर विसंबणेही महाग पडते. युगांडात १९९९ साली सापडलेल्या तांबेऱ्याच्या नव्या जातीने, जगभर पसरलेल्या अशाच एका जनुकाला निकामी केले होते. पण दुष्काळ हा एक रोग नाही. पेरणीला ओल खाली गेली तो एक दुष्काळ, कांडी धरताना पाणी तुटले तो दुसरा, दाणा भरताना तुटले तो तिसरा. प्रत्येकाला वेगळी जनुके लागतात, आणि एकेका जनुकाचा वाटा आण्या-दोन आण्यांचा.

त्यात गव्हाचे बाड मोठे. चपातीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, बन्सी आणि खपलीत २८. बन्सीच्या घराण्यातल्या गव्हाचा कॅस्पियन समुद्राकडच्या एका रानगवताशी काही हजार वर्षांपूर्वी आपोआप संकर झाला, त्या गवताची १४ गुणसूत्रे मिळाली, आणि चपातीचा गहू जन्मला. म्हणजे एका घरात तीन बिऱ्हाडे. बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती. एक बदलली तर दुसऱ्या दोन तिचे काम उचलतात, आणि फरक दिसतच नाही. माणसाच्या पाचपट लांबीचा हा मजकूर. तो २० देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून वाचला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. १,०७,८९१ जनुके त्यात नोंदली गेली. त्यातले '२ए' हे गुणसूत्र आपल्या वाट्याला होते. लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ आणि दिल्लीचेच वनस्पती जैवतंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र यांनी ते काम केले. याचा उपयोग असा, की आता रोपाचा पानाचा तुकडा तपासून सांगता येते की बुटकेपणाचे कोणते जनुक त्यात आहे. ओंबीची वाट बघावी लागत नाही. पण हजार रोपांतून दहा निवडली तरी शेवटची परीक्षा रानातच असते, आणि तीही चार-पाच हंगाम, चार-पाच ठिकाणी.

मेक्सिकोच्या आंतरराष्ट्रीय गहू व मका केंद्राने तर त्या रानगवताचा आणि बन्सीच्या जातीच्या गव्हाचा संकर मुद्दाम पुन्हा घडवून आणला. हजारो वर्षांपूर्वी जे रानातच राहून गेले, ते गुण उचलून आणण्यासाठी.

आता 'जीन घातलाय' या बोलण्याकडे येतो. असा गहू जगात आहे, नाही असे नाही. अर्जेंटिनात आहे. त्याचे नाव एचबी४. राकेल चान या बाईंच्या गटाने सूर्यफुलातले एक मुकादम जनुक गव्हात बसवले. तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये मान्यता दिली, पण अट अशी की त्यांचा गहू घेणाऱ्या ब्राझीलने आधी हो म्हणावे. ब्राझीलने नोव्हेंबर २०२१ मध्ये पिठाला हो म्हटले, आणि मे २०२२ मध्ये तो अर्जेंटिनात खुला झाला. मार्च २०२३ मध्ये ब्राझीलने लागवडीलाही परवानगी दिली. पाणी लागत नाही असा दावा त्याचे जन्मदातेही करीत नाहीत. ताणाच्या वर्षी नुकसान कमी, एवढेच त्यांचे म्हणणे.

आपल्या देशात असा जनुक घातलेला कोणताही गहू विक्रीला मान्य नाही. आपल्याकडे शेतात सर्रास आहे तो २००२ पासूनचा बीटी कापूस. भातात मे २०२५ मध्ये जनुक दुरुस्त केलेले दोन वाण केंद्र सरकारने जाहीर केले, त्यातला 'पुसा डीएसटी राइस १' हा क्षार आणि ताण सहन करणारा आहे. त्यात बाहेरचे जनुक घातलेले नाही, आतलेच एक कातरले आहे. पण तो भात. गव्हाच्या पिशवीवर कोणी जनुकाचे नाव सांगत असेल तर एक तर तो खोटे बोलतो, नाही तर बेकायदा माल विकतो. दोन्हीत पैसे आपले जातात आणि हंगामही जातो. सरपंच आणि गावातल्या अधिकारी मंडळींना विनंती, की अशी पिशवी दिसली तर पंचायत समितीला कळवावे. पेरणी झाल्यावर कळवून काही हाती लागत नाही.

मग पेरायचे काय

आपल्याजवळ आहे ते कमी नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्राने दिलेला 'नेत्रावती', म्हणजे एनआयएडब्ल्यू-१४१५, हा चपातीचा गहू जिरायतासाठी आणि एका पाण्यासाठी आहे. त्याच केंद्राचा 'पंचवटी', एनआयडीडब्ल्यू-१५, हा बन्सीच्या जातीचा, जिरायतासाठी, शेवया-कुरडयांना चांगला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा 'शरद', एकेडीडब्ल्यू-२९९७-१६, हाही त्याच जातीचा आणि जिरायताचाच. नावातल्या अक्षरांनी गोंधळू नका. निफाडच्या वाणात 'एनआय'पुढे 'ए' असेल तर चपातीचा, 'डी' असेल तर बन्सीच्या जातीचा.

आपण बाजारातून कौतुकाने आणतो तो सिहोरचा शरबती पाहा. मध्य प्रदेशातला तो गहू म्हणजे बहुतांशी सी-३०६ हा १९६०च्या दशकातला उंच वाण. बुटकेपणाचे जनुक त्यात नाही, आवरण लांब, कमी पाण्यात येणारा. ताणाचे प्रयोग करताना शास्त्रज्ञ आजही तुलनेला त्याला शेजारी पेरतात. उतारा बुटक्यापेक्षा कमी, पण भाव जास्त. साठ वर्षांचा म्हातारा अजून पंगतीत मानाने बसतो.

जिरायत गहू ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, हेक्टरी ७५ ते १०० किलो, पाच-सहा सेंटिमीटर खोल. विहिरीला थोडे पाणी असेल तर ते कधी द्यायचे, यात जास्त कमाई आहे. एकच पाणी असेल तर पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी, कांडी धरताना. दोन असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी, फुलोऱ्यात. विद्यापीठाच्या शिफारशीत म्हटले आहे, की पुरेशा पाण्याच्या मानाने एका पाण्यावर उत्पादन ४१ टक्के घटते, दोन पाण्यांवर २० टक्के. एकावरून दोनवर जाण्यात एवढे अंतर आहे. ते भरून काढणारे जनुक अजून कोणाच्या पिशवीत आलेले नाही.

गव्हाचे एक बरे आहे. तो स्वतःच्याच परागाने फळतो. एकदा खात्रीचे बियाणे आणले की दोन-तीन हंगाम घरचे धरता येते, गुण फिरत नाहीत. फक्त मळणीत दुसरा वाण मिसळू देऊ नका आणि तीन वर्षांनी बदला. निळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे घेताना टॅग फाडून फेकू नका, पावतीला टाचून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद उभा राहतो. आणि गावाला योजनेतून बियाणे हवे असेल तर ग्रामसभेने ऑगस्टमध्येच वाणाच्या नावासह मागणी द्यावी. नुसते 'गहू' लिहिले की काय येते, ते मी २०१५ ला पाहिले आहे.

तो ओट्यावरचा शेतकरी. पिशवी त्याने दुकानात परत ठेवली. मी सांगितला तसा डबा त्याने घरी केला, घरच्याच गव्हाचा, आणि तेराव्या दिवशी सायकलला बांधून डबाच माझ्याकडे घेऊन आला. आम्ही दोघांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोजले. दहा सेंटिमीटरवरून चव्वेचाळीस वर आले होते, बाकीचे मातीत वाकलेले.

"मग पाभर किती सोडू?"

"पाच सेंटिमीटर. त्याच्या खाली नको."

"अन् तिथं ओल नसली तर?"

मी जरा थांबलो. मागच्या वेळी मी थांबलो नव्हतो.

"तर ज्या एकराला विहिरीचं पाणी पुरतं तेवढाच रान भिजवून गहू कर. दुसऱ्यात हरभरा टाक."

त्याने डबा उचलला, माती बाहेर कुंडीत ओतली आणि सायकलला टांग मारली.